आधी वाजवलं, मग म्हटलं

मी बोलतोय असं म्हणणं जरा जास्तच होईल. बोलायला निदान चार-दोन सूर लागतात, आणि मला एकच येतो. मी नादकाटा, म्हणजे तुमचा ट्यूनिंग फोर्क. पोलादाची दोन बोटं आणि खाली एक दांडी, एवढाच माझा देह. गुडघ्यावर आपटलंत की मी माझा सूर लावतो, लावून झाला की गप्प बसतो. थंडी असो, उकाडा असो, मालक खुशीत असोत की तणतणत असोत, माझा सूर तोच. माणसं एकमेकांना 'एकसुरी' म्हणून नावं ठेवतात. मला कुणी तसं म्हटलं तर मी मान ताठ करायचो. निदान गेल्या वर्षापर्यंत तरी करायचो.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तापवून वाकवलेल्या पोलादाला सूर असा नसतोच, नुसता ठणठणाट असतो. तो सूर काढायला एक म्हातारबुवा कानस घेऊन बसत. टोकांशी घासलं की माझा सूर चढायचा, दोन बोटांच्या बेचक्यात घासलं की उतरायचा. घासायचं, आपटायचं, कानाशी धरायचं, तोंड वाकडं करायचं, पुन्हा घासायचं. जीव नकोसा केला होता त्यांनी माझा. मग एकदा मला कानाशी धरून ते बराच वेळ हललेच नाहीत. कानस खाली ठेवली आणि म्हणाले, "झालं. आता ह्याला कुणी हात लावायचा नाही." ते वाक्य मी फार जपून ठेवलं होतं.

तिथून गेलो एका शाळेच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आगीतून फुफाट्यातच. मला आपटायला एक रबराचा ठोकळा दिलेला होता. पोरं तो सोडून बाकी सगळ्यावर मला आपटायची. पाण्यात बुडवून एकमेकांवर शिंतोडे उडवायची. एका कार्ट्याने मला पुढच्या दाताला लावलं आणि तो असा दचकला की बाकावरून खाली पडला. मग सुट्टी लागली की कुलूपबंद कपाट, आणि शेजारी एक पाय मोडलेला तराजू.

एकदा शाळेच्या सभागृहातला पियानो सुरात लावायला एक तरुण कारागीर आले. स्वतःचा नादकाटा ते घरी विसरून आले होते. विज्ञानाच्या बाईंनी मला आणून दिलं. काम झाल्यावर ते परत करायला गेले, तर बाई म्हणाल्या, "राहू द्या तुमच्याकडेच. इथे पोरं त्याने डोकी फोडतात." असा मी मालकांच्या पिशवीत आलो.

मालकांना गल्लीत सगळे 'सूरवाले' म्हणतात. पियानोच्या पोटात डोकं घालून ते एकेक तार किल्लीने पिळायचे आणि मला दांडीने दातांत धरायचे, म्हणजे दोन्ही हात मोकळे. त्यांच्या दातांतून माझा सूर त्यांच्या कवटीत घुमायचा. इतक्या जवळून मी माणूस आधी कधी ऐकला नव्हता. त्यांनाही मी आवडलो असणार, कारण सुती फडक्यात गुंडाळून मला ते वरच्या खिशात ठेवू लागले.

त्याच खिशातून मी त्यांचं लग्न जमताना पाहिलं. एका पियानोच्या झाकणाचा टवका उडाला होता आणि त्याला जुळणारा तपकिरी रंग हवा होता. रंगाच्या दुकानात गल्ल्यापाशी एक मुलगी रंग घोटत होती, कोपरापर्यंत हात माखलेले. तिने फळीच्या तुकड्यावर रंग ओढून दाखवला. मालक म्हणाले, "किंचित चढा वाटतोय."

"रंग चढा नसतो हो. गडद असतो."

"मला चढाच वाटतोय."

"ओला आहे. आणि असा एकटा का बघताय?" तिने मालकांच्या हातातला उडालेला टवका घेतला आणि रंगाशेजारी धरला. "रंग एकटा कधी बघायचा नाही. शेजारी काहीतरी धरायचं, मग तो काय म्हणतोय ते कळतं."

मालकांनी रंग घेतला, तरी ते हलेनात. मग काय सुचलं कोण जाणे, त्यांनी मला बाहेर काढलं, गुडघ्यावर आपटलं आणि म्हणाले, "आता तुम्ही ह्याचं काय म्हणणं आहे ते ऐका. कोपर पुढे करा." तिने हसत केलं. माझी दांडी हाडाला टेकली तशी ती म्हणाली, "अय्या, आतून आलं." मालक दुकानातून बाहेर पडले तेव्हा त्यांच्या छातीत जे चाललं होतं त्याला ठेका नव्हता, एवढंच सांगतो.

लग्नानंतर मात्र मी चक्रावलो. त्या घरात सगळं उलटं बोलायचे. सकाळी पहिला घोट घेऊन मालक म्हणायचे, "चहा भिकार झालाय." पण म्हणायचे असं की 'भिकार' खालून उचललं जायचं, मधे रेंगाळायचं आणि शेवटी अलगद खाली यायचं. बाई, म्हणजे ती रंगाच्या दुकानातलीच, लगेच कपात आणखी ओतायच्या. "मग नळाखाली ओता तो," म्हणायच्या. "छळवादी बाई आहेस." "तुम्ही काय कमी आहात?" असं ते रोज चालायचं. नव्याने राहायला आलेल्या शेजारीणबाई एकदा हे भिंतीपलीकडून ऐकून समजूत घालायला धावत आल्या, आणि भिकार चहा दोनदा पिऊन गेल्या.

सरळ बोलायची त्यांना सवयच नव्हती. एकदा मालक साधेपणाने म्हणाले, "छान दिसतेस." बाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. "बरं वाटत नाहीये का?"

मला हे पटायचं नाही. शब्द एक आणि सूर दुसराच, ह्याला काय अर्थ आहे? त्यातून त्या घरात 'टोन' हा शब्द सगळे सगळीकडे वापरायचे. मालक तारेचा टोन बघायचे. बाई दुकानातून रंगाच्या पट्ट्या आणून भिंतीला लावायच्या आणि कुठला टोन उबदार, कुठला थंड ह्यावर जेवण निवायचं. पुढे त्यांना मुलगी झाली, आणि मोठी झाली तशी तीही म्हणू लागली, "आई, माझ्याशी ह्या टोनमध्ये बोलू नकोस." मी मनात म्हणायचो, अरे, टोन म्हणजे काय ते आधी मला विचारा. तो एक असतो, पक्का असतो, आणि तो माझ्याकडे आहे.

मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. मालकांचे केस पिकले, पण कान तसाच तल्लख होता. आणि मग गेल्या वर्षी एका सकाळी, एका गिऱ्हाईकाच्या घरी, पियानो अर्धा लागलेला असताना मालकांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. मी त्यांच्या दातांत होतो. ओठाची पकड सुटली आणि मी पट्ट्यांवर पडलो. त्यानंतर कुणीतरी मला पिशवीत टाकलं, आणि पिशवी घरातल्या पियानोखाली सरकवली गेली. त्या अंधारात पडल्या पडल्या मी फक्त घर ऐकत होतो.

मालक घरी आले तेव्हा शब्द शाबूत होते. डॉक्टरांनी सांगितलं, नशीब थोर, बोलणं वाचलं. डावा हात मात्र ओल्या टॉवेलसारखा लोंबत होता. त्यासाठी रोज सकाळी एक व्यायामवाली ताई यायची. तरतरीत, बोलघेवडी पोर. ती हात उचलायची, सोडायची आणि म्हणायची, "काकू, अजून स्नायूंना टोन नाही." पुढे बोटं आपोआप मुठीत वळायला लागली, तर म्हणाली, "आता टोन जास्त झालाय." बाई म्हणाल्या, "कमी झाला तरी पंचाईत, जास्त झाला तरी पंचाईत. आमच्या रंगासारखंच आहे की हे."

ताईनेच मला पिशवीतून बाहेर काढलं. "काका, ह्याने तुमच्या मनगटाला कंप कळतो का बघू?" मला वाजवून तिने मालकांच्या डाव्या मनगटाच्या हाडावर टेकवलं. "काही नाही," मालक म्हणाले. पिशवीत त्यांचा आवाज नीट पोचला नव्हता; आता तो ऐकून मी आतल्या आत चरकलो. आवाज त्यांचाच होता, पण त्यात चढ नव्हता, उतार नव्हता, काहीच नव्हतं. सगळे शब्द एका पट्टीवर, एकाच वजनाचे. चेहराही तसाच सपाट. माझ्यासारखा एकसुरी माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला, आणि खरं सांगतो, मला तो मुळीच आवडला नाही.

खरी पंचाईत पुढेच होती. मालकांना त्यातलं काही कळत नव्हतं. त्यांच्या डोक्यात सूर नेहमीसारखाच लागत होता, फक्त बाहेर येत नव्हता. त्यामुळे ते नेहमीसारखंच बोलत राहिले.

"चहा भिकार झालाय."

बाईंनी थोडा वेळ वाट पाहिली, कपात आणखी ओतला.

"छळवादी बाई आहेस."

आजारी माणसाला उठवून, बसवून, भरवून हाताचे तुकडे पडलेल्या बाईला हे असं, जसं कुणी दारावरची पाटी वाचावी तसं ऐकू आलं. एकदा त्यांचा चेहरा पडलेला पाहून मालक म्हणाले, "गंमत केली." तेही त्याच पट्टीत. ते तर आणखीनच लागलं.

व्यायामवाल्या ताईने बाईंना स्वयंपाकघरात नेऊन समजावलं. "काकू, हा त्या आजाराचाच भाग आहे. जसा डावा हात त्यांच्या ताब्यात नाही, तसा आवाजाचा चढउतारही नाही. शब्द आहेत, सूर गेलाय."

"कळतं गं मला," बाई म्हणाल्या. "पण शब्द तर त्यांचेच ना? इतकी वर्षं हेच म्हणत होते. मला वाटायचं लाडाने म्हणतात. आता सूर काढून घेतल्यावर खाली हेच निघालं. मग इतकी वर्षं खरं काय होतं?"

मी काही सांगायला जावं, तर मला एकच सूर येतो.

पुढच्या वेळी ताईने वेगळंच केलं. व्यायाम करताना मालक जे बोलले ते तिने मोबाईलवर टिपलं आणि त्यांना ऐकवलं. मालक मान तिरकी करून ऐकत होते, पियानो ऐकायचे तसे. मग म्हणाले, "हा कोण?"

"तुम्हीच, काका."

मालकांनी पुन्हा लावायला सांगितलं, आणि परत एकदा. दुसऱ्याची तार केसभर उतरली तरी ज्यांना झोप यायची नाही, त्या माणसाने स्वतःचा आवाज तसा ऐकला. मला त्यांची फार दया आली. बाईंना आणखी दुखवायचं नाही म्हणून त्यांनी बोलणंच सोडलं. चहा आला की प्यायचे, कप ठेवायचे. हवं असेल त्याकडे बोट दाखवायचे.

बाईंनी त्या गप्प बसण्याचा उलटाच अर्थ काढला. मुलीशी फोनवर बोलताना मी ऐकलं. "आता तर तोंडसुद्धा उघडत नाहीत माझ्यासमोर. मी समोर नको असेन त्यांना. थोडे दिवस तुझ्याकडे येते. त्यांच्यासाठी एक माणूस ठरवलाय, चांगला आहे, अंघोळ वगैरे सगळं करतो. नाही गं, रागावले नाहीये. दमलेय." आणि मग बराच वेळ नुसतं 'हं, हं' चाललं होतं. त्या 'हं' मध्ये रडणं होतं, हे माझ्यासारख्या ठोंब्यालाही कळलं.

जायच्या सकाळी बॅग दाराशी उभी होती. व्यायाम उरकून ताई गेली होती आणि मला पियानोच्या झाकणावरच विसरली होती. बाईंनी चहा केला, मालकांपुढे ठेवला आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "तो माणूस येईल इतक्यात. गोळ्या त्याला दाखवल्यात. मी निघते."

मालकांनी एक घोट घेतला. कप ठेवला. मग उजवा हात लांब करून, खुर्चीतून जवळजवळ पडत, त्यांनी मला झाकणावरून उचललं. बाई धरायला पुढे आल्या. मालकांनी मला गुडघ्यावर आपटलं आणि माझी दांडी पियानोच्या लाकडावर टेकवली. अख्खा पियानो माझ्या सुरात बोलू लागला. आणि तो सूर घुमत असतानाच मालक त्याच सपाट आवाजात म्हणाले, "चहा भिकार झालाय."

बाई थबकल्या.

मालकांनी मला पुन्हा आपटलं, पुन्हा टेकवलं. "छळवादी बाई आहेस."

मग त्यांनी मला वाजवलं नाही. फडक्यावर हळूच आडवं ठेवलं, माझा उरलासुरला कंप थांबेपर्यंत बोट धरून ठेवलं, आणि घर अगदी शांत झाल्यावर म्हणाले, "जाऊ नकोस."

तिन्ही वाक्यं एकाच पट्टीत होती. माझ्या कानाला तर काडीचा फरक नव्हता. पण बाई खाली बसल्या. पदराने डोळे पुसत त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "म्हणजे शेजारी ह्याला धरलंत तर ती चेष्टा. आणि नाही धरलं तर खरं."

मालकांनी मान हलवली.

बाई इतक्या सहजासहजी कशा मानतील? दुकानात गिऱ्हाईकाचा रंगसुद्धा दोनदा पारखून देणारी बाई ती. त्यांनी मला मालकांच्या हातात दिलं आणि चौकशी सुरू केली. "बोलणं सोडायच्या आधी म्हणालात, माझ्या बोलण्याने डोकं उठतं. ते?"

मालकांनी मला वाजवलं.

"आणि मी केलेली लापशी खळीसारखी लागते, ते?"

मालकांनी जरा विचार केला. वाजवलं.

"आणि आतल्या खोलीला मी एवढ्या हौसेने निळा रंग दिला, तो दवाखान्यासारखा दिसतो म्हणालात, ते?"

मालकांनी मला खाली ठेवलं. "दवाखान्यासारखा दिसतो," ते म्हणाले.

बाई हसायला लागल्या. किती दिवसांनी त्या घरात कुणी हसलं. तेवढ्यात दारात तो ठरवलेला माणूस येऊन उभा राहिला, आणि बाईंनी त्याला आधी चहा दिला. बॅग संध्याकाळपर्यंत तिथेच होती, कारण ती उचलायची कुणाला आठवणच झाली नाही.

तेव्हापासून मी जेवायच्या टेबलावर राहतो, मिठाच्या भांड्याशेजारी. मुलगी फोन करते तेव्हाही मला फोनशी धरून वाजवतात, मग मालक तिला म्हणतात, "बापाची आठवण येते का तुला, निर्लज्ज कुठली." ती तिकडून पोट धरून हसते. डाव्या मनगटाला माझा कंप आता कळतो. मूठ अजून घट्टच आहे, पण ताई म्हणते, धीर धरा. मालकांच्या आवाजात सूर परत येईल की नाही, ते तीही सांगत नाही.

आणि माझं म्हणाल तर माझी ती पक्की ऐट आता राहिलेली नाही. बाईंनी आतल्या खोलीचा रंग बदलायला काढला. मधेच मालकांनी हाक मारली, तशा त्या रंगाच्या हातांनीच आल्या आणि मला उचललं. पिवळ्या रंगाचा एक जाड ठिपका माझ्या एका टोकाला चिकटून वाळला. टोकाला वजन आलं की नादकाटा उतरतो. केसभरच, पण उतरलो. म्हातारबुवांचं ते जपलेलं वाक्य त्या ठिपक्यासरशी संपलं. माझ्यावरून आता कुणी पियानो लावू नये.

तुमच्याही घरी कुणीतरी असेल ज्याचा सूर गेलाय. आजाराने गेला असेल, दमल्यामुळे, कधी नुसत्या वयाने. त्याचे उघडे पडलेले शब्द लगेच उचलून खरे धरू नका एवढंच सांगतो. इतकी वर्षं त्या शब्दांच्या शेजारी काय असायचं ते आठवा, आणि आज शेजारी धरायला घरात काय सापडतंय ते बघा. काहीही चालतं. मी तर नुसता पोलादाचा तुकडा आहे.

तो ठिपका मालकांना कळणार नाही असं बाईंना वाटलं होतं. दुसऱ्याच दिवशी मालकांनी मला सवयीने वाजवलं, कानाशी नेलं आणि मान तिरकी केली. बाई घाईघाईने म्हणाल्या, "थांबा, खरवडून देते." मालकांनी मला त्यांच्या हाताला लागू दिलं नाही. ठिपक्यावरून अंगठा फिरवला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "अगदी बेसूर कार्टं आहे हे."

पण म्हणायच्या आधी त्यांनी मला वाजवलं होतं.